पस्तीस टक्क्यांच्या आत: पुणे महापालिकेचा पैसा आणि माणसे

पुणे महापालिकेच्या आयुक्तांनी २०२०-२१ साठी मांडलेले अंदाजपत्रक ६,२२९ कोटी रुपयांचे होते. २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचे झाले. पाच वर्षांत आकडा दुप्पट झाला. याच काळात, ३० जून २०२१ रोजी, २३ गावे हद्दीत आली आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका ठरली. माणसे मात्र या वेगाने वाढली नाहीत, कारण महापालिकेला पैसा खर्च करण्याची जेवढी मोकळीक आहे तेवढी माणूस नेमण्याची नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ५१ नुसार नवे पद निर्माण करायचे तर राज्य सरकारची मंजुरी लागते. ती देताना सरकार पाहते ते मुख्यतः एकच: आस्थापना खर्च, म्हणजे कायम कर्मचाऱ्यांवरचा खर्च, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत आहे का?

या चौकटीवरून पुण्यात जो वाद चालतो त्याची एक बाजू तिजोरी सांभाळणाऱ्यांची आहे, दुसरी रस्त्यावर काम करणाऱ्यांची. येथे त्या दोन बाजू दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक महापालिकेच्या लेखा व वित्त विभागातून निवृत्त झालेले अधिकारी, दुसऱ्या सफाई कामगारांच्या संघटनेत काम करणाऱ्या ताई. त्या अधिकाऱ्यांना ‘साहेब’ म्हणतात, ते त्यांना ‘ताई’.

साहेब सुरुवात उत्पन्नापासून करतात. “ताई, पगार एक तारखेला द्यावाच लागतो. आपल्याकडे येणाऱ्या पैशाला मात्र तारीख नसते. जकात होती तेव्हा नाक्यावर रोज रोख जमा व्हायची. आज तसा एकही मार्ग आपल्या हातात उरलेला नाही.”

हे म्हणणे समजून घेण्यासाठी मागची काही वर्षे पाहावी लागतात. पुण्यात १ एप्रिल २०१३ पासून जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्यातून सूट मिळाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि तो करही संपला. त्याबदली राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते. २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरून दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने ती वाढावी, असे कायद्यातले सूत्र आहे. या दराने रक्कम नऊ वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. पण शहर किती वाढले, व्यापार किती वाढला, गावे किती आली, याचा या ८ टक्क्यांशी काही संबंध नाही. पूर्वी शहराची भरभराट थेट नाक्यावर दिसायची. आता ती मुंबईहून ठरलेल्या हप्त्यांत येते.

उरलेले दोन मोठे मार्ग म्हणजे मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून मिळणारे विकास शुल्क व प्रीमियम. यातला दुसरा मार्ग साहेबांना सर्वांत धोक्याचा वाटतो. “बांधकामाची तेजी तीन-चार वर्षे टिकते. आपण नेमलेला लिपिक तीस-पस्तीस वर्षे राहतो, त्याचा महागाई भत्ता वाढतो, वेतन आयोग येतो. सातव्या आयोगाची वेतनश्रेणी २०२१ मध्ये लागू झाली तेव्हा एका निर्णयाने किती बोजा वाढला ते आम्ही पाहिले आहे. नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांचे निवृत्तिवेतन आहेच. पीएमपी बससेवेच्या संचलन तुटीतला साठ टक्के वाटा आपला. ही सगळी दरवर्षीची देणी. ती इमारतींच्या नकाशांवर उभी करायची?”

ताईंचे उत्तर सरळ आहे. “मग जो कर आपल्या हक्काचा आहे तो तरी नीट घ्या की, साहेब. त्यात कोण आडवे येते?”

मिळकतकराचा इतिहास पाहिला तर हा प्रश्न टाळता येत नाही. घरमालक स्वतः त्या घरात राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत द्यायची, असा ठराव पुणे महापालिकेने १९७० मध्ये केला. ही सवलत पुढे जवळजवळ अर्धशतक चालली. लेखापरीक्षणात तिच्या कायदेशीरपणावर आक्षेप निघाले, २०१८ मध्ये राज्य सरकारने तो ठराव थांबवला, हजारो मिळकतदारांना वाढीव आणि मागच्या फरकाची बिले येऊ लागली. संताप उसळला आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत पुन्हा दिली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या माणसाला सवलत असावी, हे पटण्यासारखे आहे. पण पन्नास वर्षे एखादी सवलत कायद्यात पक्की न करता केवळ ठरावावर चालवली, की तिचा भार शेवटी नागरिक आणि तिजोरी दोघांवर पडतो, हे पुण्याने अनुभवले.

थकबाकीचे चित्रही असेच आहे. थकलेल्या करावर दरमहा २ टक्के शास्ती लागते. काही वर्षांत ती मूळ करापेक्षा मोठी होते आणि मग अभय योजना येते. २०२० च्या योजनेत शास्तीत ८० टक्के सूट दिली गेली. योजना आली की वसुली वाढते, हे खरे. पण ती पुन्हा येईल हे ज्याला ठाऊक आहे, तो वेळेवर कर का भरेल? जो दरवर्षी मे महिन्यात रांगेत उभा राहून बिल भरतो त्याच्यावर हा अन्याय आहे आणि तो अन्याय म्हणूनच मांडला पाहिजे. नव्या गावांतला प्रश्न याहून अवघड. तिथे ग्रामपंचायतीच्या मानाने कर एकदम चढला, सोयी तशाच राहिल्या, लोकांनी विरोध केला आणि राज्य सरकारने वसुलीला स्थगिती दिली. म्हणजे खर्चाची जबाबदारी महापालिकेची आणि कर थांबवण्याचा अधिकार सरकारचा.

“हेच तर सांगतोय,” साहेब म्हणतात, “दोऱ्या दुसऱ्याच्या हातात असताना मी कायम नोकरीची हमी कशी देऊ?”

अंदाजपत्रक कसे फुगते, यावर मात्र दोघांचे फारसे दुमत नाही. कायद्याने महापालिकेला तुटीचे अंदाजपत्रक करता येत नाही. वर्षाअखेर शिल्लक दाखवावीच लागते. खर्च वाढवायचा असेल तर कागदावर उत्पन्नही वाढवावे लागते. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात भर घालते, मग ते मुख्य सभेत मंजूर होते. २०२०-२१ मध्ये आयुक्तांचे ६,२२९ कोटी स्थायी समितीत ७,३९० कोटी झाले. पुढच्या वर्षी ७,६५० कोटींचे ८,३७० कोटी झाले. करवाढीचे प्रस्ताव बहुधा याच टप्प्यावर फेटाळले जातात आणि नगरसेवकांची ‘स यादी’, म्हणजे त्यांनी सुचवलेल्या प्रभागांतल्या कामांची यादी, याच टप्प्यावर भरते. वर्ष संपत आले की पैसा एका कामावरून दुसऱ्या कामावर वळवण्याचे वर्गीकरणाचे प्रस्ताव सुरू होतात.

याचे सगळे खापर नगरसेवकांवर फोडण्याची पुण्यात सवय आहे. ते पुरते खरे नाही. मार्च २०२२ मध्ये मुख्य सभेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेचा कारभार प्रशासकाकडे होता. स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या हाती होते. त्या काळातही अंदाजपत्रक ८,५९२ कोटी, ९,५१५ कोटी, ११,६०१ कोटी असे चढतच गेले. फरक एवढाच, की सभागृहात उठून ‘हा आकडा कुठून आला’ असे विचारायला कोणी नव्हते. या प्रश्नाची पुण्यात जुनी परंपरा आहे. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पालिकेने हजार रुपये खर्च करावेत, हा प्रस्ताव आला तेव्हा तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून विरोधात गेलेले ते एकटे होते. ठराव मंजूर झाला. पण शहराच्या पैशाचा हिशेब सभागृहात विचारायचा असतो, हे त्या एका मताने दाखवून दिले. लोकनियुक्त सभागृहाशिवाय गेलेली जवळजवळ चार वर्षे ही पुण्याच्या दृष्टीने मोठी हानी होती.

आता ३५ टक्क्यांकडे. वादाचे मूळ येथे आहे, म्हणून थोडे सविस्तर.

साहेबांची भूमिका अशी की ही मर्यादा नसती तर महापालिका पगार वाटणारे कार्यालय होऊन बसली असती. “ज्या नगरपालिकांत उत्पन्नाचा मोठा भाग पगारावर जातो तिथे जाऊन बघा. रस्ता दुरुस्त करायला डांबर नसते, पण मुकादम असतो. माणूस आहे आणि त्याच्या हातात द्यायला साहित्य नाही, अशी वेळ पुण्यावर येऊ नये. शिवाय भरती कोणाची होते? दबाव येतात, वशिले येतात. मर्यादा असली की नाही म्हणायला आधार मिळतो.”

“आधार कसला?” ताई म्हणतात. “तुम्ही माणसे कमी केलीच नाहीत, साहेब. फक्त त्यांना पगारपत्रकातून काढून ठेकेदाराच्या बिलात घातले. झाडणारी बाई तीच, रस्ता तोच, आरोग्य कोठी तीच. तुमच्या ३५ टक्क्यांत मात्र ती दिसत नाही.”

हा मुद्दा या सगळ्या विषयाचा कणा आहे. कायम कर्मचाऱ्याचा पगार आस्थापना खर्चात धरला जातो. तेच काम ठेकेदारामार्फत करून घेतले की त्याचा खर्च संबंधित खात्याच्या कामांच्या खर्चात जातो. म्हणजे कायम पद रिकामे ठेवून तिथे कंत्राटी माणूस आणला, की महापालिकेने खर्च केला तरी तिचे आस्थापनेचे प्रमाण सुधारते. मर्यादेचा हेतू खर्चाला आवर घालण्याचा होता. व्यवहारात तिने खर्चाची जागा बदलली. झाडणकाम, कचऱ्याच्या गाड्यांवरचे चालक, सुरक्षारक्षक, उद्यानांची देखभाल, पाण्याच्या टाक्यांवरची माणसे अशा अनेक ठिकाणी पुण्यात आज हजारो कंत्राटी कामगार आहेत.

कंत्राट स्वस्त पडते, हे खोटे नाही. कंत्राटी कामगाराला किमान वेतन आणि विशेष भत्ता द्यावा लागतो. त्यावर मालकाचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, ३.२५ टक्के राज्य विमा आणि किमान ८.३३ टक्के बोनस येतो, वर ठेकेदाराचा नफा. एवढे करूनही बेरीज सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीतल्या कायम सफाई कामगारापेक्षा पुष्कळ कमी राहते. पण ही बचत कामाची पद्धत सुधारून झालेली नाही. ती सगळी त्या कामगाराच्या पगारातून झालेली आहे. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना झाडणाऱ्या दोन बायकांपैकी एकीला रजा, घाणभत्ता, निवृत्तिवेतन आणि दुसरीला निविदा संपली की उद्या काम आहे की नाही याची चिंता, ही स्थिती कोणत्याही हिशेबाने योग्य ठरत नाही.

साहेब येथे मागे हटत नाहीत. “ताई, मला तुमचे दुःख कळते. पण कायम करायचे म्हटले की फक्त झाडणाऱ्यांपुरते थांबत नाही. वारस हक्काचा प्रश्न घ्या. लाड आणि पागे समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. हेतू चांगलाच होता. पण शिकलेला मुलगा त्या पदावर लागतो आणि थोड्याच दिवसांत खटपट करून कार्यालयात बसतो. पद बिगाऱ्याचे, काम टेबलावरचे. रस्त्यावर पुन्हा माणूस कमी, आणि मग तुम्हीच सांगता कंत्राटी घ्या.”

“मुलगा शिकला तर त्याने झाडू का धरावा?” ताई विचारतात. “त्याला त्याच्या शिक्षणाचे पद रीतसर द्या. पद द्यायचे नाही, काम मात्र लिपिकाचे करून घ्यायचे, हे त्याने नाही ठरवले. ते तुमच्या कार्यालयाने ठरवले.”

या मुद्द्यावर ताईंची बाजू भक्कम आहे. लिपिकांची पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली नसती तर क्षेत्रीय कार्यालयांना हा मार्ग शोधावा लागला नसता.

कायदा या वादात दोन दिशांना ओढतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ च्या उमादेवी निकालात सांगितले की रीतसर भरतीशिवाय लागलेल्या तात्पुरत्या माणसाला केवळ अनेक वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. सगळ्यांना समान संधी मिळावी, हे त्यामागचे तत्त्व. दुसरीकडे, मुंबई महापालिकेच्या कचरा वाहतुकीतल्या सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा आदेश २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला, कारण तिथे कंत्राट हा केवळ देखावा असल्याचे सिद्ध झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आस्थापनेच्या मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास सर्वसाधारण मनाई आहे. सफाई हे मुख्य काम धरले जात नाही, पण एका अटीवर: ती आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. कापड गिरणीत झाडणे हे मुख्य काम नव्हे, हे कोणालाही पटेल. महापालिकेचे काय? १९४९ च्या अधिनियमातल्या कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत आणि रस्ते झाडणे, कचरा काढणे ही त्यांत आहेत. ताईंच्या संघटनेसारख्या संघटनांना या तरतुदीत मोठा आधार मिळू शकतो, आणि महापालिकेने खटल्याची वाट न पाहता आपली भूमिका ठरवलेली बरी.

कायम आणि कंत्राटी यांच्यापलीकडचा एक मार्ग पुण्यातच आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेशी महापालिकेने २००८ मध्ये करार केला. घरोघर कचरा गोळा करणाऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास कष्टकऱ्यांना नागरिक थेट मासिक शुल्क देतात, विकाऊ कचऱ्याचे उत्पन्न त्यांचे स्वतःचे, आणि मधे ठेकेदार नाही. साहेबांना ही व्यवस्था आवडते, कारण तिजोरीवर भार कमी आणि कचरा घरातच वेगळा होतो. ताईंचा आक्षेप असा की आजारपण, म्हातारपण आणि पावसाळ्यातल्या खाड्यांची जबाबदारी शेवटी त्या बाईवरच राहते, आणि शुल्क न देणाऱ्या सोसायटीकडून ते वसूल करायला महापालिका पुढे येत नाही. दोघेही खरे सांगतात. ‘स्वच्छ’ टिकवायची असेल तर शुल्काची हमी आणि सामाजिक सुरक्षा महापालिकेने घेतली पाहिजे. त्यासाठीचा खर्च नव्या कंत्राटाच्या मानाने किरकोळ आहे.

माणसांचा प्रश्न केवळ सफाईपुरता नाही. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये महापालिकेने ४४८ पदांची सरळसेवा भरती काढली. त्यात २०० लिपिक-टंकलेखक, १३५ कनिष्ठ अभियंता (स्थापत्य), १०० सहायक अतिक्रमण निरीक्षक आणि थोडी इतर पदे होती. पुढच्या वर्षांत आणखी जाहिराती निघाल्या. तरी हद्द वाढल्याने आणि दर महिन्याला होणाऱ्या निवृत्त्यांनी पडलेले खड्डे भरत नाहीत. मंजूर पदांचा आकृतिबंध जुन्या हद्दीचा, शहर नव्या हद्दीचे. वरच्या पदांवर राज्य सेवेतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी बसतात. शहर ओळखीचे होईपर्यंत त्यांची बदली होते. खालून चढत आलेल्या पालिका सेवेतल्या माणसाची बढती मात्र अडते.

याचा परिणाम जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसराने सोसला. २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या नांदेड, किरकटवाडी, खडकवासला या भागांत गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ सापडू लागले आणि संशय दूषित पाण्याकडे वळला. या गावांना शुद्धीकरण केंद्रातून नव्हे, तर विहिरीतून, केवळ क्लोरीन मिसळलेले पाणी जात होते. गावे हद्दीत येऊन साडेतीन वर्षे झाली होती. जलशुद्धीकरण केंद्र बांधायला वेळ लागतो, हे समजू शकते. पण रोज पाण्याचे नमुने घेणारा, क्लोरीनचे प्रमाण तपासणारा आणि ते कमी आढळल्यास पुरवठा थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस नेमायला मोठ्या प्रकल्पाची गरज नव्हती. अशी पदे आस्थापनेतच लागतात; हा अधिकार ठेकेदाराच्या माणसाला देता येत नाही.

साहेबांना हा मुद्दा मान्य आहे. “तपासणारा माणूस आपला हवा, हे मी नेहमीच म्हणत आलो. कंत्राट जितके मोठे, तितका तपासणारा जास्त हुशार आणि जास्त कायम हवा. जंगली महाराज रस्ता आठवतो? १९७६ च्या १ जानेवारीला तो वाहतुकीला खुला झाला. ‘रेकॉन्डो’ने दहा वर्षांची हमी देऊन केला आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्यावर खड्डा दिसला नाही. काम खासगी कंपनीचेच होते ना?”

“होते,” ताई म्हणतात, “पण हमी लिहून घेणारा आणि ती पाळली जाते का ते पाहणारा पालिकेचा होता. आज एका कनिष्ठ अभियंत्याकडे किती रस्ते, किती गावे आहेत ते मोजा. मग हमी कोणाकडे मागायची?”

पैसा आधी आणि तयारी नंतर असे झाले की काय होते, याचे उदाहरण २०१७ मध्ये मिळाले. समान पाणीपुरवठा योजनेसाठी पुण्याने त्या वर्षी जूनमध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले. व्याजदर ७.५९ टक्के, मुदत दहा वर्षे. मुंबई शेअर बाजारात रोखे नोंदले गेले, देशभर कौतुक झाले आणि ते योग्यही होते; बाजारातून पैसा उभा करण्याइतकी पत महापालिकेकडे असणे ही लहान गोष्ट नाही. केंद्राकडून २६ कोटींचे प्रोत्साहनही मिळाले. पण योजनेच्या मुख्य निविदा अंदाजापेक्षा चढ्या आल्या, त्या रद्द करून पुन्हा काढाव्या लागल्या, आणि तोवर वर्षाला १५ कोटींहून थोडे अधिक व्याज चढत राहिले. कर्ज काढण्याचा निर्णय चुकला असे येथे म्हणायचे नाही. कर्जरोख्यांतून एकूण २,२६४ कोटी उभे करायचे ठरवण्याआधी निविदा, आराखडे आणि ते पाहणारा अभियंत्यांचा गट सज्ज असायला हवा होता.

दोन्ही बाजू तपासल्यावर काय हाती लागते? साहेबांचा एक मुद्दा पक्का आहे: कायम देणी कायम उत्पन्नावरच उभी राहिली पाहिजेत. बांधकाम शुल्कातून आलेला पैसा नळ, रस्ते, रुग्णालये यांसारख्या एकदाच करायच्या कामांवर जावा. आणि कायम उत्पन्न वाढवायचे तर मिळकतकराची फेरआकारणी, वेळेवर वसुली आणि अभय योजनांना पूर्णविराम याला पर्याय नाही. ताईंचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे: कंत्राटी कामगारांवरचा खर्च आस्थापनेबाहेर ठेवून काढलेले ३५ टक्के हे प्रमाण खोटे आहे, आणि खोट्या प्रमाणावर घेतलेले भरतीचे निर्णय बरोबर येऊ शकत नाहीत. राज्य सरकारनेच ही व्याख्या बदलली पाहिजे. वर्षभर चालणाऱ्या कामावर ठेकेदारामार्फत लावलेल्या माणसांचा खर्च आस्थापनेत धरावा आणि मर्यादा त्यानुसार नव्याने ठरवावी. तोवर रिकाम्या पदांपैकी पाणी, आरोग्य आणि बांधकाम तपासणीची पदे आधी भरावीत, कारण बाकी सर्व खर्चाचे मोल याच माणसांवर अवलंबून आहे.

सरकारची वाट न पाहता महापालिकेला स्वतःच्या अधिकारात करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात एकच तक्ता द्यावा: कायम, कंत्राटी, मानधनावरचे आणि प्रतिनियुक्तीवरचे मिळून एकूण किती माणसे शहरासाठी काम करतात, त्यांच्यावर किती खर्च होतो, आणि तो बांधकाम शुल्क वगळून उरणाऱ्या उत्पन्नाच्या किती टक्के आहे. जानेवारी २०२६ मध्ये निवडून आलेल्या सभागृहात पुणेकरांचे प्रतिनिधी पुन्हा बसले आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला भेटून हा तक्ता मुख्य सभेत मागायला सांगा.